डोंबिवली ते सॅन फ्रान्सिस्को, मार्गे कल्याण

अंतर हे कोसांत, मैलांत किंवा किलोमीटरांत मोजावयाचे असते अशी समजूत ज्या सुखवस्तू प्रदेशांत अद्याप प्रचलित असेल, त्यांत डोंबिवलीची गणना करता येणार नाही. परगावाहून आलेल्या एखाद्या सरळमार्गी पाहुण्याने 'ठाणे येथून किती लांब?' असा निष्पाप प्रश्न केला, तर त्यास 'फास्टने वीस मिनिटं, स्लोने अर्धा तास, आणि सकाळी आठच्या सुमारास जाणार असाल तर आधी चढून दाखवा' असे उत्तर मिळते. आणि तरीही तो 'पण अंतर किती?' म्हणून हट्ट धरू लागला, तर सांगणारा इसम त्याच्याकडे अशा काही करुणेने पाहतो की पाहुण्यास आपण कुणाचे तरी खाजगी उत्पन्न विचारले की काय असे वाटू लागते.

यात आमचा दोष नाही. आम्ही ज्या लोहमार्गाच्या आश्रयाने वाढलो त्याची परंपराच तशी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी चौदा डबे ओढीत बोरीबंदर ते ठाणे हे चौतीस किलोमीटरांचे अंतर सत्तावन्न मिनिटांत तोडले, आणि आजची स्लो गाडीही तेवढ्याच अंतरास साधारण तेवढाच वेळ घेते. पावणेदोनशे वर्षांच्या वैज्ञानिक प्रगतीचा हा निष्कर्ष पाहून कुणी नाक मुरडील. परंतु त्या दिवशीच्या चारशे पाहुण्यांना तोफांची सलामी आणि बसावयास जागा या दोन्ही गोष्टी मिळाल्या होत्या, ही तफावत ध्यानात घेतली पाहिजे.

अशा वातावरणात मुरलेल्या माझ्यासारख्या पेन्शनरावर 'मुंबई ते अमेरिका किती तास?' या विषयाचा अधिकारी पुरुष म्हणून नियुक्त होण्याची पाळी आली, त्याचे कारण इतकेच की आमचे चिरंजीव कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे वास्तव्य करून आहेत आणि ज्याने एकदा समुद्र ओलांडला तो त्या विषयातला तज्ज्ञ, असा आमच्या सोसायटीचा रिवाज आहे. मला हे पद मनापासून आवडते हेही सांगून टाकतो. जिन्यात कुणी गाठले की मी हातातली दुधाची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन 'मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, साडेतेरा हजार किलोमीटर' असे गंभीरपणे म्हणत असे. आणि ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर किंचितही परिणाम झाला नाही की मनातून खट्टू होत असे.

"ते असू द्या हो, तास किती?"

"सोळा-सतरा."

"मग आमच्या मेव्हण्याला सव्वीस कसे लागले?"

"ते दुबईला थांबून गेले असतील."

"थांबले कशाला? त्यांचं तिथे कुणी नाही."

या संभाषणांचा कळस तळमजल्यावरच्या काकांनी गाठला. काका हिशेबतपासणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यामुळे जगातील यच्चयावत कागद हे मूलतः व्हाउचर असून त्यात कोठेतरी अफरातफर दडलेली असते, अशी त्यांची श्रद्धा आहे. आमच्या या खेपेच्या तिकिटाची प्रत त्यांनी तपासणीसाठी मागून नेली आणि दुसऱ्याच दिवशी पेन्सिलीच्या खुणांनी मंडित करून परत आणली.

"दुपारी अडीचला निघता आणि त्याच दिवशी संध्याकाळी सहाला पोहोचता. म्हणजे साडेतीन तास झाले. तुम्ही तर सगळ्यांना सतरा सांगत सुटला आहात."

"काका, तिथलं घड्याळ हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असतं."

"मागे असतं म्हणजे बिघडलेलं आहे?"

"नाही. तिथे सगळ्यांचंच तसं असतं."

काकांनी समासात 'साडेतेरा तासांची तूट, खुलासा मागवावा' असा शेरा मारला आणि परतीच्या तिकिटाकडे मोर्चा वळवला. तेथे त्यांना याहून मोठे घबाड सापडले. आम्ही सोमवारी रात्री नऊला तेथून निघून बुधवारी पहाटे अडीचला मुंबईत उतरणार होतो, आणि विमान आकाशात असतानाच कॅलेंडरातला एक संपूर्ण मंगळवार बेपत्ता होणार होता. 'मंगळवार गहाळ, जबाबदार कोण?' हा त्यांचा दुसरा शेरा. मी त्यांस वेळेचे राजकारण समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची प्रमाणवेळ १९०६ साली हिंदुस्थानास लागू झाली तरी मुंबई शहराने आपली एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली 'बॉम्बे टाइम' पुढे कित्येक दशके सोडली नाही, आणि त्याआधीच्या काळात तर शहराचे घड्याळ मुंबईच्या वेळेने व आगगाडीचे मद्रासच्या वेळेने चालत असे, हे सारे मी त्यांस सप्रमाण सांगितले. काकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग आता काय वेगळं चालतं?"

आमच्या कुटुंबाची हरकत निराळ्या स्वरूपाची होती. निघण्याच्या दिवशी संकष्टी येत होती. उपास डोंबिवलीत धरला तर सोडावयाचा कोठल्या चंद्रोदयाला, हा प्रश्न तिने प्रथम मला, मग चिरंजिवांना, आणि शेवटी आमच्या गुरुजींना विचारला. पंचांगात मुंबईचा चंद्रोदय असतो, पुण्याचा असतो, नागपूरचाही असतो. पॅसिफिक महासागराचा रकाना मात्र पंचांगकर्त्यांनी अद्याप घातलेला नाही. गुरुजींनी 'श्रद्धा महत्त्वाची' असे सांगून अंग काढून घेतले. अखेर काकांनीच निवाडा दिला, की प्रवासभत्त्याच्या नियमाप्रमाणे मूळ ठिकाणची वेळ ग्राह्य धरावी.

येथपर्यंतचे वाद घड्याळापुरते होते. यानंतर काकांनी नातवाच्या शाळेतला नकाशा आणून माझ्यासमोर पसरला आणि मुंबईवर एक बोट, सॅन फ्रान्सिस्कोवर दुसरे बोट ठेवून विचारले, "हा सरळ रस्ता सोडून तुमची विमानं वर उत्तर ध्रुवाकडे काय करायला जातात?" सपाट कागदावर जे सरळ दिसते ते गोल पृथ्वीवर सरळ नसते, हे तत्त्व मला ठाऊक होते; परंतु ठाऊक असणे आणि हिशेबतपासनीसास पटवणे यांत साडेतेरा हजार किलोमीटरांचे अंतर आहे. पृथ्वीचा गोल घरात नव्हता. तेव्हा मी स्वयंपाकघरातून चटणीसाठी आणलेला नारळ उचलला, त्याचे तीन डोळे म्हणजे उत्तर ध्रुव असे जाहीर केले, कुंकवाने एका अंगास मुंबई आणि जवळजवळ विरुद्ध अंगास सॅन फ्रान्सिस्को अशा दोन टिकल्या लावल्या आणि देव्हाऱ्यातला सुताचा दोरा त्या दोहोंमध्ये ताणून धरला. दोरा सैल असेपर्यंत नारळाच्या पोटावरून गेला. ताणताच सरकत सरकत थेट डोळ्यांपाशी जाऊन बसला. काका नारळावर इतके वाकले की त्यांचा चष्मा ग्रीनलंडवर पडला.

"म्हणजे जवळचा रस्ता हाच?"

"हाच. याला बृहद्वृत्त म्हणतात."

"आणि म्हणून विमानं याच रस्त्यानं जातात."

येथे मी विजयी मुद्रेने 'हो' म्हणून थांबावयास हवे होते. परंतु अधिकारी पुरुषाला थांबता येत नाही हा त्या पदाचाच धर्म आहे. मी म्हणालो, "नेहमी नाही." आणि एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाची कथा त्यांस सांगू लागलो. २०१५ सालच्या डिसेंबरात ही थेट सेवा सुरू झाली तेव्हा विमान पश्चिमेकडून, अटलांटिकच्या बाजूने जात असे. ऑक्टोबर २०१६मध्ये वैमानिकांनी तोंड फिरवले आणि विमान पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेले. अंतर सुमारे चौदाशे किलोमीटरांनी वाढून पंधरा हजार तीनशेच्या घरात गेले, आणि प्रवास मात्र दोनएक तासांनी आटोपून साडेचौदा तासांत विमान पोहोचले. कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यांच्या उलट गेले की वारा नाकावर बसतो, त्यांच्याबरोबर गेले की पाठीवर हात ठेवून पुढे ढकलतो.

मला वाटले होते, आता नारळ फुटणार. अंतर वाढले आणि वेळ घटला, ही विसंगती कुठलाही हिशेबतपासनीस सहन करणार नाही. परंतु काकांचा चेहरा एकाएकी उजळला. त्यांनी दोरा खाली ठेवला आणि म्हणाले,

"म्हणजे रिटर्न!"

माझ्या एवढ्या भूगोलाचे सार त्यांनी एका शब्दात काढले. डोंबिवलीबाहेरच्या वाचकांसाठी खुलासा करणे अवश्य आहे. मुंबईस जावयाचे असता डोंबिवलीकर मुंबईच्या गाडीत चढत नाही, कारण तीत चढता येत नाही; तो उलट दिशेच्या गाडीत बसून कल्याणास जातो, तेथे गाडी फिरते तेव्हा जागचा हलत नाही, आणि मग त्याच बाकावरून आपल्याच डोंबिवली स्टेशनावरील गर्दीकडे खिडकीतून तटस्थ वृत्तीने पाहत मुंबईकडे प्रयाण करतो. कोणत्याही नकाशावर पाहिले तर हा शुद्ध वेडेपणा आहे. परंतु ज्याने बत्तीस वर्षे हा वेडेपणा केला आणि प्रत्येक सकाळी बसून गेला, त्या काकांना पॅसिफिकचे वारे समजावून सांगण्याची गरजच नव्हती. उलट एअर इंडियासारख्या संस्थेस एवढी साधी गोष्ट कळावयास दहा महिने का लागले, याचेच त्यांना नवल वाटले. "एखादा डोंबिवलीकर पायलट नव्हता वाटतं," असे म्हणून ते नारळ परत करून गेले. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांस बंद केल्यामुळे दिल्लीहून अमेरिकेस जाणाऱ्या विमानांचे तास वाढले, हेही त्यांना पुढे पेपरात वाचून तत्काळ उमगले. "मेगाब्लॉक," ते म्हणाले, "फक्त रविवारपुरता नाही एवढंच."

प्रस्थानाच्या तयारीचा वृत्तांत मी आवरता घेतो, कारण त्यात वजनकाट्याखेरीज काही नव्हते. माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगांत मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि सुनेने न मागितलेले इतर पदार्थ बसवताना शेवटी माझे दोन शर्ट बाहेर आले. कल्याणच्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून आगबोटीत बसल्या आणि न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा जून उजाडला होता, हे मी कुटुंबास धीर देण्यासाठी सांगितले. ती काट्यावरचा आकडा वाचत म्हणाली, "दोन महिने लागले असतील, पण बोटीत भाजणी बाहेर काढायला लावत नसतील."

खरी मोहीम पुढेच होती. डोंबिवली ते सहार हे अंतर सरळ रेषेत सत्तावीस किलोमीटर भरते. ज्या विमानात आम्ही बसणार होतो ते आकाशात ऐन वेगात असताना एवढे अंतर दोन मिनिटांत कापते. आम्ही दुपारी अडीचच्या विमानासाठी सकाळी सात वाजता निघावे असे मी सुचवले. काकांनी सहा सुचवले. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी 'आदल्या दिवशी मुलुंडला माझ्या बहिणीकडे मुक्कामालाच जा' असे सुचवले. मार्गाबद्दल तर सोसायटीत उघड तट पडले. एक पक्ष शिळफाटा–महापे–ऐरोलीचा, दुसरा नव्या माणकोली पुलावरून ठाण्याकडे उतरण्याचा. आणि एक तरुण, ज्याच्यापाशी सामान म्हणून कधी पाठीवरच्या पिशवीपलीकडे काही नसते, तो 'ट्रेननं घाटकोपर आणि मग मेट्रो, बेस्ट!' असे सांगून सायकलवरून निघून गेला.

सहा वाजता मागवलेली मोटार सव्वासहाला आली, पण पश्चिमेस. ही घटना परक्यांस क्षुल्लक वाटेल. आमच्या घरापासून ती दोनएकशे मीटरांवर उभी होती आणि गच्चीवरून तिचे दिवे दिसत होते. परंतु मध्ये लोहमार्ग होता, आणि डोंबिवलीची पूर्व व पश्चिम ही दोन भिन्न खंडे असून त्यांच्यामधील दळणवळण हवामान, फाटक आणि पूल यांच्या मर्जीवर चालते, हे त्या चालकास ठाऊक नव्हते.

"काका, लोकेशनवर उभा आहे. या ना."

"अहो, तुम्ही वेस्टला आहात. आम्ही ईस्टला."

"मॅपवर तर दोन मिनिटं दाखवतंय."

"ती विमानाची दोन मिनिटं आहेत," मी म्हणालो. त्यास ते कळले नाही.

सातच्या पुढे मोटार पूर्वेस प्रकट झाली. लिफ्टने त्याच मुहूर्तावर देह ठेवल्यामुळे बॅगा जिन्याने उतरल्या. काकांनी प्रत्येक मजल्यावर त्यांची मोजदाद केली. काटई नाक्याजवळ आम्ही जे थांबलो ते थांबलोच. चालकाच्या मोबाइलवरची निळी रेघ प्रथम पिवळी, मग तांबडी आणि पुढे काळपट झाली. 'पोहोचण्यास १ तास १० मिनिटे' असे त्यावर लिहिले होते. अर्ध्या तासाने पाहिले तरीही १ तास १० मिनिटेच. निघाल्यापासून आम्ही अव्याहत प्रवास करीत होतो आणि मुक्काम तसूभरही जवळ येत नव्हता. इतक्यात फ्रीमाँटहून चिरंजिवांचा फोन आला. जगाच्या पाठीवर कोठूनही आपल्या जन्मदात्यांचा ठावठिकाणा पाहता येईल अशी व्यवस्था त्याने आमच्या फोनांत करून ठेवली आहे.

"बाबा, तुम्ही अजून पलावापाशीच?"

"पुढे सरकलोय थोडे."

"माझ्या मॅपवर तुम्ही मागे आलाय."

ते खरे होते. चालकाने नुकताच यू-टर्न घेतला होता, आणि आता तो माणकोलीच्या पुलाकडे निघाला होता. कुटुंबाने डोळे मिटून स्तोत्र सुरू केले. मी मात्र मनातल्या मनात 'रिटर्न' म्हटले आणि कमालीचा निश्चिंत झालो. विमानतळावर पोहोचलो तेव्हा खिडकीवरच्या मुलीने "वेळेत आलात" असे म्हटले; हे वाक्य तिने ठाण्यापलीकडच्या माणसास पूर्वी कधी उच्चारले नसावे.

विमानात समोरच्या पडद्यावर गंतव्यस्थानाचे अंतर किलोमीटरांत, वेग ताशी, उंची फुटांत आणि बाहेरचे तापमान शून्याखाली पन्नासाच्या आसपास, असा सगळा तपशील क्षणोक्षणी छापून येत होता, आणि दर तासाला किलोमीटर खरोखरच नऊशेने कमी होत होते. ठरल्याप्रमाणे अंतर घटत जाणे हा अनुभव मला इतका नवीन होता की मी चित्रपट न पाहता तेच पाहत बसलो. मुंबईचा चंद्रोदय झाला तेव्हा विमानातले सर्व दिवे मालवलेले होते. कुटुंबाने अंधारात पेढ्याचा पुडा उघडला, त्याच्या कागदाच्या आवाजाने तीन रांगा जागी झाल्या, आणि प्रसाद म्हणून त्या तिन्ही रांगांना पेढे वाटावे लागले. एका गोऱ्या वृद्धाने मागून आणखी एक घेतला.

एकच प्रसंग थोडा लाजिरवाणा. सॅन फ्रान्सिस्कोचे पाणी खिडकीत दिसू लागताच आणि विमान खाली झुकताच माझे पाय आपोआप सरळ झाले, हातांनी वरची बॅग काढली आणि मी दाराच्या दिशेने चालू लागलो. कोपर गेले की उठावयाचे, नाहीतर डोंबिवलीस उतरता येत नाही, हा संस्कार हाडांत भिनलेला आहे. हवाई सुंदरीने मला दोन्ही हातांनी अडवले.

"सर, प्लीज, विमान अजून हवेत आहे."

"हो, पण पुढचं स्टेशन माझंच आहे," मी म्हणालो. पाठीमागे वळून पाहतो तो आणखी पाच-सहा मंडळी बॅगा घेऊन रांगेत उभी. त्यांच्यापैकी एकाने मला हळूच विचारले, "ठाकुर्ली की डोंबिवली?"

परत आल्यावर पाहतो तो काकांनी नवे प्रकरण हाती घेतले आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरात तेथून विमाने उडू लागली. सुरुवातीची उड्डाणे देशातल्या देशात असली तरी अमेरिकेचे विमान कधीतरी तेथूनही सुटेल, आणि त्या दिवशी सोसायटीस पूर्वतयारी नसावी हे काकांस मान्य नव्हते. त्यांनी दिव्यास उतरून पनवेलची गाडी पकडण्याची योजना आखली, आणि प्रत्यक्ष सामानासह चाचणी घ्यावी म्हणून दोन रिकाम्या बॅगा घेऊन ते एका सकाळी एकटेच रवाना झाले. दिव्याच्या फलाटावरून आत घुसणाऱ्या लोंढ्याने त्यांस, बॅगांसह, दाराशी फिरकूही दिले नाही. गाडी त्यांना मुंब्रा, कळवा करीत ठाण्याला घेऊन गेली. तेथून त्यांचा फोन आला. आवाजात कसलाही खेद नव्हता. जुना विमानतळ येथून बराच जवळ पडतो, असे त्यांनी मला कळवले.